दिसायलाच पाहिजे

पट्टी काढून झाली, डोळ्यात थेंब घालून झाले, आणि डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. म्हणाल्या, "हात लावायचा नाही हं. एक चेंडू आहे, एक ठोकळा आहे. चेंडू कुठला तेवढं सांगा." प्रश्न ऐकून तिला आधी हसूच आलं. चाळिशी ओलांडलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला कुणी चेंडू ओळखायला सांगावं! पण हसू ओठांवर यायच्या आत विरलं, कारण समोर नुसता उजेडाचा गलका चालला होता. गलकाच म्हणायचा, दुसरा शब्द तिच्याजवळ नव्हता. भरल्या बाजारात सगळी माणसं एकदम बोलायला लागली की शब्द एकही कळत नाही, नुसता आवाज अंगावर येतो, तसं. त्या गलक्यात कुठेतरी शेजारी शेजारी दोन डाग होते. एक दुसऱ्यासारखा नव्हता एवढं कळत होतं. पण एक गोल आणि दुसरा कोपऱ्यांचा म्हणजे नेमका कुठला, हे काही केल्या कळेना. डाग होते तसेच बसून राहिले, तोंड मिटून. "डावीकडचा," ती शेवटी म्हणाली. मग डॉक्टरीणबाई फार मायेनं म्हणाल्या, "असू दे. पहिल्या दिवशी होतं असं." त्या मायेवरूनच तिला कळलं की चुकलं. तिनं हात पुढे केला आणि डावीकडची वस्तू उचलली. कोपरे बोटांना टोचले. ठोकळा. बोटांना ओळखायला श्वासभरही वेळ लागला नाही.

दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर तो घरी जाऊन चहा पिऊन विसरला असता. पण ती तत्त्वज्ञान शिकवत होती, आणि हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. दरवर्षी तो ती वर्गापुढे ठेवायची. जन्मांध माणूस आहे, हातानं त्याला चेंडू कळतो, ठोकळा कळतो. उद्या एकाएकी त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून तो सांगेल का, कुठला कुठला? जुन्या तत्त्वज्ञांत यावरून भांडणं झाली होती. एक बाजू म्हणायची, नाही सांगू शकणार. मन म्हणजे कोरी पाटी, त्यावर हातानं लिहिलेलं वेगळं आणि डोळ्यानं लिहिलेलं वेगळं, त्याची डोळ्याची पाटी अजून कोरीच आहे. दुसरी बाजू म्हणायची, सांगेल, थोडा विचार करून सांगेल. कारण गोल असणं ही काही हाताची मालमत्ता नाही, डोळ्याचीही नाही. ती कल्पना बुद्धीची आहे, आपण ती जन्मताना घेऊनच येतो, हात आणि डोळे फक्त तिला जागी करतात. ती स्वतः दुसऱ्या बाजूची. आणि ती पांढरी काठी टेबलाला टेकवून, न बघणारे डोळे वर्गावर रोखून हे सांगायची तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. ती विचारायची, "मला सरळ रेष कुणी दाखवली? म्हणाल, बोटांनी. पण माझ्या बोटांना आजवर एकही सरळ रेष भेटलेली नाही. दोरा जाड असतो, पट्टीची कड खरबरीत असते, टेबलाला पोक असतो. मग हे सगळं वाकडं आहे असं मी म्हणते, ते कशाच्या जोरावर? वाकडं ठरवायला सरळ आधी माहीत पाहिजे की नको?" या युक्तिवादावर तिनं इतकी वर्षं संसार केला होता. आणि आज पहिल्याच परीक्षेत ती नापास झाली होती, तेही डावं-उजवं या दोनच पर्यायांत.

बाहेर बाकावर नवरा बसला होता. तोही आंधळा, पण तिच्यासारखा नव्हे. तिच्या डोळ्यांवर जन्मापासून सायीसारखा पडदा होता, दिवस की रात्र एवढं कळायचं. लहानपणी सगळ्यांनी सांगितलं होतं की आत काही उरलेलं नाही. यंदा डोळा दुखायला लागला म्हणून दाखवला, तर या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतली नस जिवंत आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन करून बघू या. नवऱ्याच्या बाबतीत असलं काही करून बघायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या पापण्यांमागे डोळे असे वाढलेच नव्हते. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर तो बसायचा आणि अर्ध्या शहराला आवाजावरून ओळखायचा. तिची चप्पल ऐकून तो उठला. "काय दिसलं?"

"गोंधळ."

"एवढंच ना? मला विचारायचंस, मी घरच्या घरी घालून दिला असता."

एरवी ती हसली असती. ती हसली नाही हे त्यानं ऐकलं.

घरात दिवे नव्हते. म्हणजे दिव्यांच्या जागा होत्या, तारा होत्या, बटणं होती, पण बल्ब कुणी लावलेच नव्हते. पाहुण्यांसाठी बाहेरच्या खोलीत एक होता, तो गेलेला असला तरी पाहुणे आल्याशिवाय पत्ता लागायचा नाही. आता नणंद पिशवीभर बल्ब घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं एकेक खोली पेटवत नेली आणि दर बल्बाला, "अगं बाई, ही भिंत केवढी कळकट!" असं काहीतरी म्हणत गेली. नणंद मनानं चांगली, पण तिच्या जिभेला सुट्टी म्हणून नव्हती. दिवसभर ती बोट दाखवायची. "ही बादली. हा लाल. हा पण लालच, पण जरा फिका. ही खुर्ची. हा तुझा नवरा!" बोट दाखवणं म्हणजे काय, हेच वहिनीला कळत नव्हतं. ती बोटाकडेच बघायची. आणि नवरा म्हणून जे दाखवलं ते पाहून ती मागे सरकली. एक फिकट डाग, त्यात काही गडद भोकं, आणि त्यातलं खालचं भोक हलायला लागलं की नवऱ्याचा आवाज यायचा. तो फोटोला बसल्यासारखा ताठ बसला होता. "झालं का बघून?" त्यानं विचारलं. तिनं डोळे मिटले, पुढे होऊन त्याच्या गालांवर हात ठेवले, भुवईवरचा जुना व्रण अंगठ्याला लागला, आणि मगच तो परत आला.

तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती धडकण्याची. या घरात ती कधी धडकत नसे. पाण्याचा पेला नळाच्या डावीकडे, दार कायम पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, खुर्ची आत सरकवलेली. दोघांनी मिळून बसवलेली ही शिस्त संसारातल्या कुठल्याही शपथेपेक्षा पक्की होती. आता डोळा उघडा ठेवून चालली की दाराची कड कपाळावर यायची, आणि जमिनीवरचा काळा पट्टा खड्डा समजून ती थबकायची, तर तो दाराचा सावलीपट्टा निघायचा. म्हणून कुणी नसलं की ती डोळे मिटून चालायला लागली. अंधारात घर पुन्हा जसंच्या तसं मिळायचं, मोजून मापून, हाताच्या अंतरावर. एकदा ती अशीच स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली आणि नवरा म्हणाला, "डोळे मिटून आलीस."

"तुला कसं कळलं?"

"आज धडकली नाहीस."

दोघंही हसली, पण त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी बसलं ते बसलंच. कारण आणखी एका दुपारी ती दाराशी आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत एकटा उभा होता. उभा आहे हे तिला त्या फिकट उभ्या डागावरून कळलं, आणि मग खोलीतला उजेड एकदम किंचाळला, गेला, पुन्हा किंचाळला, पुन्हा गेला. बटणाचा आवाज आला तेव्हा तिच्या लक्षात आलं. तो दिवा लावत होता, बंद करत होता. लावल्यावर चेहरा वर करून थांबत होता, गालाला काही लागतं का बघत होता. ती आवाज न करता उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाकडे तरी त्याला न कळत बघत होती, आणि ते तिला चोरीसारखं वाटलं. शाळेपासूनची त्यांची ओळख. अंधशाळेत तो दोन वर्ग पुढे होता, जिन्यात उभं राहून नुसत्या पावलांवरून मास्तरांच्या नकला करायचा. तेव्हापासून त्यांच्यात एक समतोल होता. एकाला दुसरा ऐकू येतो तेव्हा दुसऱ्यालाही पहिला ऐकू येतो. लपायची सोय नव्हती, त्यामुळे भीतीही नव्हती. ती खाकरली. "केव्हा आलीस?" तो म्हणाला. "आत्ताच," ती म्हणाली.

कॉलेजात परत गेली त्या दिवशी तर हद्द झाली. वर्गांसमोरचा लांब व्हरांडा तिच्या काठीला पाठ होता. एका कडेला भिंत, दुसरीकडे कठडा, दोन्ही सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्या अंतरावर. तिनं डोळा उघडला आणि पाहिलं तर व्हरांडा नरसाळ्यासारखा निमुळता होत गेला होता. भिंत आणि कठडा दूरवर एकमेकांच्या अंगावर झुकत जात होते आणि त्या फटीत कुणीतरी बोटभर उंचीचं हलत होतं. ते बोटभर काहीतरी जवळ यायला लागलं, वाढायला लागलं, आणि वाढत वाढत शिपायाच्या आवाजात म्हणालं, "बाई, बऱ्या आहात ना?" तिनं भिंत धरली. हाताला भिंत सरळ लागत होती, अगदी होती तशी. डोळ्याला ती तिरकी दिसत होती. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि त्यातला एक तिच्याबरोबर चाळीस वर्षं इमानानं राहिलेला होता. इंद्रियांवर विश्वास ठेवू नका, ती फसवतात, हे ती शिकवत आली होती. पण ते म्हणताना मनात कायम दुसऱ्यांची इंद्रियं असायची.

वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'नं सुरू व्हायचं, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला पणबाईच म्हणत. ती उठली. आवाजात खोचकपणा नव्हता, खरी उत्सुकता होती. "पण बाई, आता तुम्हीच सांगू शकता. आला का चेंडू ओळखता?"

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे ते दुसरे बरोबर होते? कोऱ्या पाटीवाले?"

"बहुतेक," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघताच तिला एकदम हलकं वाटलं. पण ते बरं वाटण्याचं हलकेपण नव्हतं. घरातलं सामान कुणी उचलून नेल्यावर घर हलकं होतं, तसं.

त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत डोळे मिटून बसल्यावर तिला वडील आठवले. वडील इमारतींचे नकाशे काढायचे. आंधळ्या मुलीला आपलं काम कसं दाखवावं म्हणून त्यांनी एक मऊ लाकडाची फळी करून घेतली होती. तिच्यावर टाचण्या टोचून दोरा ताणला की आकृती व्हायची. एकदा तापात ती अंथरुणाला खिळलेली, फळी बाजूला पडलेली, आणि डोक्यात मात्र एक त्रिकोण उभा. तिनं मनातल्या मनात त्याच्या टोकावरून, तळाला समांतर असा एक दोरा ताणला. ताणल्याबरोबर खालचे दोन्ही कोन वर सरकून टोकाच्या कोनाच्या दोन बाजूंना येऊन बसले, आणि तिघं मिळून सरळ झाले. एका रेषेत, शेजारी शेजारी निजल्यासारखे. ती ओरडलीच. वडील धावत आले, त्यांना वाटलं ताप चढला. तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी फळीवर तसाच दोरा ताणून पाहिला. मग म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुला?" "कुणी नाही," ती म्हणाली, "पण दुसरं काही असूच शकत नाही ना, बाबा?" तेव्हाचा तो आनंद काही औरच होता. कुणी दिलेला नव्हता, म्हणून कुणाला परत मागता येणार नव्हता. जगातले सगळे त्रिकोण, जे तिनं चाचपले नव्हते आणि कधी चाचपणार नव्हती तेसुद्धा, तिच्या अंथरुणाशी येऊन उभे राहिले होते. तो आनंद आता तिला परक्याचा वाटत होता. ती तापातली मुलगी हुशार होती, पण तिला व्हरांडा कुठे माहीत होता?

रविवारी जेवणं झाल्यावर नणंद आपल्या घरी गेली. घर शांत झालं. तिनं भांडी पालथी घातली, हात पुसले आणि म्हणाली, "मी दुसरा डोळा करून घेत नाही. आणि यालाही काळी पट्टी बांधून टाकते."

"बरं," नवरा म्हणाला. मग थोड्या वेळानं, "का?" तो जपून बोलत होता. या बाबतीत आपण काही म्हणणं बरोबर नाही, म्हटलं तर स्वार्थ होईल, असं त्याच्या आवाजातच होतं.

"तो खोटारडा आहे." मग तिनं त्याला व्हरांडा सांगितला. भिंती कशा तिरक्या झाल्या, शिपाई कसा बोटाएवढा होता आणि कसा फुगत आला, सगळं. सांगताना रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नवरा मधेच खुर्ची सरकवून पुढे आला.

"थांब थांब. लांब गेलं की बारीक? म्हणजे काही काही वस्तू?"

"सगळंच."

"मी सुद्धा?"

"तू सुद्धा. दारापाशी गेलास की अर्धा होतोस."

"हात् तिच्या!" तो खरंच चकित झाला होता. "लोक म्हणतात ना, दूरवर ठिपक्याएवढा दिसत होता. मला आजवर वाटायचं ती नुसती म्हणायची पद्धत आहे. डोंगराएवढं दुःख म्हणतात तसं. मला कुणी सांगितलंच नाही की हे खरं आहे!" मग तो थांबला, आणि बोर्डावर एखादा अवघड फोन जोडताना विचारतो तसा शांतपणे म्हणाला, "पण का?"

खरं की खोटं, एवढंच ती इतके दिवस विचारत होती. का, हे तिला सुचलंच नव्हतं. नणंदेला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, असंच असतं गं. डोळसांना का विचारायचं कारणच पडत नाही.

"डोळा नेमकं करतो काय?" त्यानं विचारलं. "हात लांब होतो, तसं त्याचं काही लांब होतं?"

"नाही. तो जागच्या जागी असतो. वस्तूवरून उजेड निघतो आणि सरळ येऊन डोळ्यात शिरतो. असं पुस्तकात आहे."

"सरळ?"

"सरळ."

"मग दोरा आण."

शिवणाच्या डब्यातून तिनं दोन रिळं काढली. तिच्या काठीच्या दोन टोकांना एकेक रीळ फिरेल असं सैल बांधलं. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही दोऱ्यांची मोकळी टोकं त्यानं एका हातानं भुवईशी, डोळा असता तर जिथे असता तिथे, एकत्र दाबून धरली. दुसऱ्या हाताची बोटं त्यानं नाकासमोर दोऱ्यांच्या मधे ठेवली. ती काठी आडवी धरून त्याच्यापुढे बसली. तिनं डोळे मिटले होते. हे काम हातांचं होतं. दोरे ताणले. "आता?" ती म्हणाली. "चारही बोटं मावतात," तो म्हणाला. "मागे सरक." ती बसल्या बसल्या मागे सरकली, रिळं सोडत, दोरे ताठ ठेवत. "दोन मावतात. आणखी." ती उठून उभ्यानं मागे गेली, आतल्या दारापर्यंत. "एक. तेही कष्टानं." ती काठी तिरकी करून स्वयंपाकघरात शिरली, ओट्याला पाठ लागली तशी काठी पुन्हा आडवी धरली. तिथून त्याचा आवाज आला, "बोट शिरत नाही! नख शिरतंय फक्त. काठी तेवढीच आहे ना गं? कापली नाहीस ना?"

"तेवढीच आहे."

"म्हणजे काठीची लांबी डोळ्याला कळतच नाही. कशी कळणार, तो काही तिथे जात नाही. त्याला कळते ती ही फट, दोन दोऱ्यांमधली, इथली, त्याच्या दाराशी. काठी लांब गेली की फट अरुंद होणार, दोरे सरळ असतील तर दुसरं काय होणार? बाई, दूरचं बारीक दिसायलाच पाहिजे! न दिसलं तर डोळा बिघडलाय म्हणायचा!"

भिंतीला टेकून बसलेल्या, डोळेच नसलेल्या माणसानं आत्ता, शिवणाच्या दोऱ्यावरून, बघणं कसं असतं ते शोधून काढलं होतं. कसं असलंच पाहिजे ते. त्यानं ना उजेड पाहिला होता, ना व्हरांडा. कोट्यवधी डोळस माणसं रोज बघत होती ते त्यानं न बघता सिद्ध केलं होतं, आणि ते तिथेही खरं होतं, शिपायाच्या अंगावर, भिंतीवर, कुठेही.

"आणि व्हरांडा?" तिनं विचारलं.

"व्हरांडा म्हणजे एकामागं एक ठेवलेल्या काठ्याच की. जवळच्या काठीची फट मोठी, पुढच्या काठीची लहान, त्याच्यापुढची आणखी लहान. टोकं जोडत गेलीस तर निमुळतंच होणार."

"मग शेवटी भिंती मिळतात?"

तो विचार करू लागला. दोरा बोटांत घोळवल्याचा आवाज तिला ऐकू आला. "मिळत नाहीत. फट लहान होत जाईल, पण काठीला लांबी आहे तोवर संपणार नाही. तुझा डोळा खोटारडा नाही गं. तो बिचारा म्हणतोय, मला इथे बसून एवढंच कळतं, बाकीचं तू बघ. आमच्याकडे बोर्डावर नवीन पोरगा येतो ना, तसाय तो. निरोप बरोबर देतो, अर्थ तुला लावावा लागतो."

ती तिथेच ओट्याशी खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. दोरे ढिले पडले. तो काळजीनं दोऱ्याच्या आधारानं चाचपत आत आला. "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली, "बरं वाटतंय." खरंच बरं वाटत होतं. ताप उतरल्यावर अंग जसं रिकामं आणि गार लागतं तसं. इतके दिवस तिला भीती होती ती दोन जगांची. हाताचं एक जग, तिथे ती आणि तो. डोळ्याचं दुसरं, तिथे ती एकटी, तीही अडाणी. आणि आता दोन जगं नव्हतीच. ज्या खोलीत ती बघत धडकत होती आणि ज्या खोलीत तो न बघता चालत होता ती एकच खोली होती, कारण तिच्यातल्या रेषा ना बोटांच्या होत्या ना डोळ्याच्या. त्या दोघांकडे आधीपासून होत्या. शिवाय आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती स्वतःवरच चिडली आणि सुखावलीही. दवाखान्यातल्या त्या टेबलापुढे तिनं विचार असा केलाच नव्हता. डोळा आता सांगेल, मग सांगेल म्हणून नुसती वाट बघत बसली होती. विचारल्याशिवाय कोण सांगतं?

मग ती विचारायला लागली. खिडकीसमोर बसायची, हात मांडीवर दाबून ठेवायची आणि उजेडाच्या डागाच्या कडेकडेनं नजर सरकवत न्यायची. कड सरळ चालली आहे, चालली आहे, थांबली, वळली. पुन्हा सरळ, पुन्हा वळली. जे सगळीकडून सारखं आहे त्याची कड अशी अडखळणार नाही, मग ती हाताला लागो नाहीतर डोळ्याला. म्हणजे हे कोपरे. म्हणजे खिडकी. उठून हात लावला की खिडकीच असायची, आणि दर वेळी तिला तोच आनंद व्हायचा, थोडा बालिश, पण अस्सल. चुकायचीही भरपूर. सावली म्हणजे काय हे कुठल्याही बुद्धीत आधीपासून नव्हतं. ते पडून, ठेचकाळून, नणंदेला विचारूनच शिकावं लागलं. आरशानं तर तिला चांगलंच बनवलं. नणंदेच्या बोटाचाही अर्थ लागला. बोटाकडे बघायचं नसतं, बोटातून एक दोरा ताणायचा आणि तो जातो तिकडे बघायचं. वर्गात तिनं दोऱ्याची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "मागच्या वेळचं 'बहुतेक' मी परत घेते." पणबाई उठलीच. "पण बाई, दोरा तर तुम्ही हातानंच धरला होतात!" वर्ग हसला, ती सगळ्यांहून मोठ्यानं हसली. तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते अर्धंच होतं, आणि अर्ध्या उत्तरानिशी घरी जायला तिला आता भीती वाटत नव्हती.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवून ती एका संध्याकाळी दवाखान्यातून परत आली आणि आत न जाता फाटकाशीच थांबली. घरासमोरचा रस्ता सरळसोट, लांबच लांब, त्याच्या पार टोकाला बस थांबायची. रस्ता निमुळता होत गेला होता, दोन्ही बाजूंची झाडं एकमेकांकडे सरकत गेली होती, आणि तिला ते बघून छान वाटलं, जसं असायला हवं तसं. बस आली असावी, एक मोठा डाग थांबला आणि निघून गेला. त्याच्या जागी काही ठिपके उरले. ते पांगले. एक ठिपका राहिला आणि वाढायला लागला. त्याच्यापुढे काहीतरी बारीक पांढरं डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे हलत होतं. तिनं विचार केला. मग तिला कळलं, आणि कळल्याबरोबर तिनं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अरे, मी बघतेय रे तुला!"

ठिपका थांबला. आवाजाच्या दिशेनं त्यानं हात वर केला. "कुठून?"

"फाटकातून!"

"एवढ्या लांबून? केवढा आहे मी?"

"अंगठ्याएवढा!"

शेजारची खिडकी उघडली. कुणीतरी बाहेर डोकावलं असावं. तो चालायला लागला, नेहमीपेक्षा भरभर, काठी आपटत. "आता?"

"वीतभर!"

"आता?"

"हातभर! सावकाश ये, पडशील!"

तो हसत होता, ते तिला आधी ऐकू आलं आणि मग त्या फिकट डागाच्या खालच्या भागात काहीतरी रुंद होताना दिसलं, आणि हे आणि ते एकच आहे हे कळायला तिला हात पुढे करावा लागला नाही. तो वाढत वाढत आला, झाडांएवढा झाला, रस्त्याएवढा झाला, आणि तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागला.

"आणि आता?" त्यानं विचारलं.

"आता मावत नाहीस," ती म्हणाली.